ओलीचे यंत्र

मित्रांनो, मला नाक आहे, पण तोंड नाही. मी एक जुना वायुमापक आहे. दारव्ह्याच्या पुढे एका बंजारा तांड्यावर, राठोडांच्या म्हशींच्या गोठ्यात मी टांगलेला असतो. जेवणाच्या डब्याएवढा माझा देह. कपाळावर लाल दिवा, त्याखाली आकडे दाखवणारी छोटी काच आणि तिच्याही खाली जाळी लावलेले एक भोक. ते भोक म्हणजे माझे नाक. हवेत जे कळेल ते काचेवर दाखवायचे, फार झाले तर दिवा लावायचा आणि पिपाणीसारखा आवाज काढायचा, याहून जास्त माझ्या हाती काही नाही. तांड्यावर मात्र मला वायुमापक असे कोणी म्हणत नाही. तिथे माझे नाव ओलीचे यंत्र. हे नाव मला कसे पडले आणि त्यापायी काय घडले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. ऐकताना हसू येईल तिथे खुशाल हसा. मलाही सुरुवातीला हसूच आले होते.

माझा जन्म एका शहरातल्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसून माझ्यासारखी यंत्रे जुळवत. तुमचे उष्टावण खिरीने होते ना? माझे विषाने झाले. एका लोखंडी टाकीतला विषारी वायू मोजून माझ्या नाकाशी धरला गेला आणि माझ्या काचेवर बरोबर तेवढाच आकडा उमटला. तपासणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीचा मला भारी तोरा होता.

मला दोन वायू ओळखता येतात. पहिला अमोनिया. जनावरांचे मूत साचले की तो उठतो, डोळ्यांत झोंबतो, घसा खवखवतो. तो दुष्ट असला तरी सरळ आहे. आला की सांगून येतो. दुसरा मात्र पक्का दगलबाज. त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. शेण बंद टाक्यात कुजत पडले की तो त्याच्या पोटात दडून बसतो आणि कोणी शेण ढवळले की एकदम वर येतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की तो आधी माणसाचे नाकच बधिर करतो. वास थांबतो, आणि माणसाला वाटते की हवा साफ झाली. शिवाय तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरतो. मित्रांनो, एवढे एकच लक्षात ठेवलेत तरी माझी पुढची गोष्ट तुम्हाला पुरती कळेल.

माझी पहिली मालकीण वर्षा मॅडम. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या आणि बंद गोठ्यांतली हवा कशी असते याचा अभ्यास करत होत्या. मला पिशवीत घालून त्या एसटीने नाहीतर काळीपिवळीने गावोगाव हिंडत. उमरखेडकडे कोंबड्यांच्या शेडमध्ये त्या चक्क गुडघ्यांवर बसल्या आणि मला भुईपासून वीतभर उंचीवर धरले. शेडवाला हसला. "मॅडम, उभ्यानं मोजा ना, कमरेले त्रास कायले देता?" त्यावर मॅडम म्हणाल्या, "भाऊ, इथे राहते ती कोंबडी. तिचं नाक जिथे, तिथेच मोजायला हवं." ते ऐकून माझी छाती फुगली. आपल्याला कामाचा माणूस भेटला असे वाटले. ती माझी सुखाची वर्षे होती.

पुढे अभ्यास संपला. त्याच सुमारास या तांड्यावर रामधन राठोड यांनी नवा गोठा बांधला होता. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरलेले. जनावर म्हणजे घरचे माणूस, ही रीत त्यांच्या रक्तातच होती. मुलगा संजय हौशी. त्याने गोठ्याला पक्की फरशी केली, आणि गोठ्याच्याच एका कोपऱ्यात जमिनीखाली खोल टाके बांधले. फरशी धुतली की शेणमूत नालीने त्या टाक्यात जाई. वर्षातून एकदा मोटर लावून टाके उपसायचे आणि शेणामुताचा काला शेतात सोडायचा, असा त्याचा बेत. टाक्याच्या तोंडावर लोखंडी झाकण होते. वर्षा मॅडम गोठा पाहायला आल्या, झाकणाकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि मला तिथेच ठेवून गेल्या. जाताना त्यांनी सगळ्यांना बजावले, "आकडा वाढला की खिडक्या उघडा. लाल दिवा लागला, आवाज झाला, तर सगळ्यांनी बाहेर पडा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मॅडम गेल्या आणि लगेच मला उचलून पार वर, छताजवळच्या खिळ्याला टांगण्यात आले. का, तर म्हशीचे शिंग लागून मी फुटू नये म्हणून! प्रेमानेच केले बिचाऱ्यांनी. पण जे जमिनीलगत रांगते ते छतावरून काय दिसणार?

एक गोष्ट मॅडमच्या सांगण्यात राहून गेली. हवेतले विष माझ्या मोजण्यापलीकडे गेले की माझ्या काचेवर आकडा उमटतच नाही. त्याजागी इंग्रजी ओ आणि एल अशी दोन अक्षरे येतात. त्यांचा अर्थ एवढाच की मोजत बसू नका, पळा.

श्रावणात झड लागली तेव्हा ती अक्षरे पहिल्यांदा उमटली. नाली तुंबली होती, म्हणून संजयने झाकण उघडून बांबूने टाके ढवळले. दिवा लागला, मी जिवाच्या आकांताने ओरडू लागलो. त्याची बायको ममता धावत आली. बारावी शिकलेली हुशार पोरगी. तांड्यातली सगळी तरुण मंडळी फोनवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांतच. तिने माझ्या काचेकडे पाहिले आणि तसेच वाचले.

"ओ... एल. ओल! याडी, यंत्र ओल आहे म्हनते."

याडी म्हणजे आई. सासू लालीबाईंना ती याडीच म्हणे. लालीबाईंनी वाकून फरशीवर तळहात ठेवला. झडीचे दिवस, फरशी ओलीगच्च. त्या थक्क झाल्या. "खरं बोलून राह्यलं वो बाई! छताले बसून याले खालची ओल कशी समजली?"

मग घाईघाईने खिडक्या उघडल्या, सोयाबीनचे कुटार, म्हणजे भुसा, आणि चुलीतली राख फरशीवर पसरली. खिडक्यांतून वारा आला, विष निघून गेले आणि माझ्या काचेवर पुन्हा साधा आकडा आला. दिवा आणि आवाज ओलीसाठीच होता आणि कुटाराने ओल गेली, असे सगळ्यांनी ठरवले; मॅडमचे 'बाहेर पडा' मागे पडले. संजयला थोडे गरगरले होते, ते उपाशीपोटी काम केल्यामुळे, असेही ठरले.

त्या दिवसापासून माझे नाव सगळ्या तांड्यात झाले. लोक मला पाहायला येऊ लागले. तांड्याचे नायक देवीलाल काठी टेकत आले, मला खालून वरून निरखले आणि म्हणाले, "रामधन, माह्या घराच्या भिंतीले लय ओल येते गा. दोन दिवस देतं का हे?" पोळ्याला बैलांबरोबर मलाही कुंकू लागले. मी मनात म्हणालो, अरे, मला पूजू नका, मला वाचा! पण कुंकू लावणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची माया पाहून माझाच जीव गलबलला.

मात्र माझ्या आवाजाने एक म्हैस बिचकायची आणि पान्हा चोरायची. त्यावर लालीबाईंनी तोड काढली. संजयने माझ्या आवाजाच्या भोकावर काळी चिकटपट्टी लावली, एकावर एक अशी जाडजूड. "ओल दिसली की वाचता येतेच ना," तो म्हणाला, "बोंबलाचं काय काम?"

थंडी आली. तांडा माळावर, वारा बोचरा. एका म्हशीला वगार झाली, म्हणजे म्हशीचे मादी पिल्लू. ती गारठू नये म्हणून सगळ्या खिडक्यांवर ताडपत्री ठोकली, फटींत पोती कोंबली. आता आतली हवा आतच राहू लागली. माझा आकडा रोज थोडा थोडा चढत होता. म्हशी ठसकत होत्या. गव्हाणीत झोपणारी मांजर एक दिवस दारापर्यंत आली, नाक वर केले आणि आल्या पावली परत गेली. नंतर ती गोठ्यात आलीच नाही. भिंतीवरची पाल टपकन खाली पडली. माश्या कमी झाल्या. "यंदा गोठा लय साफ आहे," रामधन खुशीत म्हणाले, "वास बी येत नाही." मी वरून ऐकत होतो. त्यांच्या नाकाला त्या हवेची सवय होऊन गेली होती.

वगार ऊब शोधत टाक्याच्या झाकणाजवळच बसायची. झाकणाची एक कड नीट बसत नव्हती. एका सकाळी लालीबाई दूध काढायला आल्या, तेव्हा वगार मान टाकून पडलेली होती. हंबरल्याचे कोणी ऐकले नव्हते, पाय झाडल्याची खूणही नव्हती. लालीबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले आणि लेकरू गेल्यासारख्या रडल्या. "थंडीनं खाल्लं माह्या वगारीले," त्या म्हणाल्या. संध्याकाळी रामधनने आणखी एक ताडपत्री आणून ठोकली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती त्या ताडपत्रीच्या खिळ्यांची. एकेक खिळा आत जात होता आणि मी काचेवर आकडा दाखवत बसलो होतो.

माघात तुरी निघाल्या, शेत मोकळे झाले आणि टाके उपसायचा दिवस ठरला. सकाळची वेळ, वारा पडलेला. म्हशी बाहेर हौदावर नेल्या होत्या. संजयने मोटर बाहेर ठेवली आणि तिचा जाड पाइप टाक्यात सोडला. थोड्या वेळाने पाइप अडकला. संजय बाहेर मोटर खोलून पाहू लागला आणि रामधन आत एकटेच बांबूने टाके ढवळू लागले.

पहिल्याच ढवळण्याला दिवा लागला. अक्षरे आली. पट्टीखाली माझा आवाज गुदमरत होता. ममता पाण्याची कळशी घेऊन दाराशी आली, तिची नजर माझ्यावर गेली.

"मामाजी, यंत्र ओल दाखवून राह्यलं."

"दाखवू दे पोरी," रामधन हसले. "शेन ढवळून राह्यलो तं ओलच दाखवन ना, धूळ थोडीच उडनार हाय? मांगून टाकजो थोडं कुटार." आणि मग नाक ओढत म्हणाले, "पह्यले कसा सडका वास सुटला होता, आता बिलकुल नाही. पाइपाच्या तोंडात पोतं अडकलं वाट्टे. उतरून काढतो."

वास नाही म्हणाले ते! माझ्या अंगात हात असते तर स्वतःला खिळ्यावरून ओढून त्यांच्या डोक्यावर टाकले असते. रामधनने धोतर खोचले, शिडीच्या दोन पायऱ्या उतरले, वाकले आणि शिडीवरून सुटले. हाक नाही, काही नाही. नुसता काल्यात पडल्याचा आवाज.

ममता किंचाळली. संजय हातातला पाना टाकून पळत आला, "बा! बा!" करत. त्याच क्षणी लालीबाई दाराशी पोहोचल्या. त्यांनी आत पाहिले. रिकामी शिडी पाहिली, वगार पडली होती ती जागा पाहिली. आणि त्यांना कळले. मला कधीच सांगता आले नाही ते त्यांना एका नजरेत कळले. त्यांनी उंबऱ्यातच लेकाच्या पायांना मिठी मारली आणि त्याला खाली पाडले.

"सोड याडी! बा पडला!"

"नाही सोडत. वगार बी अशीच गेली. हंबरली नाही, काही नाही. तिथं आत काहीतरी हाय रे."

"तो मरन न याडी!"

"माहीत हाय मले," लालीबाई म्हणाल्या. "तुले नाही जाऊ देत."

संजयने त्यांना ढकलले, ओरबाडले. लालीबाईंनी मिठी सोडली नाही. ममताने विळ्याने बाहेरून ताडपत्र्या फाडल्या. माणसे जमली, देवीलालने कोणालाही आत जाऊ दिले नाही. दारव्ह्याहून तोंडाला नळ्या लावलेली माणसे आली तोवर उशीर झाला होता. रामधन गेले. त्या दिवशी लालीबाईंनी दार अडवले नसते तर त्या घरातून दोन तिरड्या निघाल्या असत्या, आणि मदतीला धावलेल्यांच्या मिळून किती निघाल्या असत्या कोण जाणे.

वर्षा मॅडम आल्या तेव्हा त्यांनी मला खाली उतरवले, पट्टी काढली आणि विचारले, "याच्यावर काय दिसत होतं?" ममताने सांगितले. मॅडम भिंतीला टेकून खालीच बसल्या. मग त्यांनी त्या दोन अक्षरांचा अर्थ सांगितला. ममता रडत म्हणाली, "मीच तसं वाचलं होतं." लालीबाईंनी तिचे डोके छातीशी धरले. "तू वाचलं, मी मानलं, साऱ्या तांड्यानं मानलं. तू एकटीच कायले घेतं अंगावर?"

संजय मात्र आईशी बोलेनासा झाला. समोर ताट आले तरी मान वर करायचा नाही. एकदाच म्हणाला, "बाले हाताले धरून काढलं असतं मी."

"अन् तुले कोनं काढलं असतं?" लालीबाईंनी विचारले. तो ताट तसेच ठेवून उठला.

मॅडमनी मला जनावराच्या नाकाइतक्या उंचीवर, जाड जाळीच्या पिंजऱ्यात बसवले. प्रत्येक आकड्याचा अर्थ पुन्हा समजावला. टाक्यात कोणी कधीही उतरायचे नाही, दारे-खिडक्या उघडल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हेही सांगितले. "आणि याचं नाक दोन वर्षांनी बदलावं लागतं," त्या जाताना म्हणाल्या. "मी येऊन बदलून देईन." पुढे त्यांची बदली दूर कुठेतरी झाली.

त्यानंतर मला वाचायचे काम लालीबाईंनी स्वतःकडे घेतले. आकडे त्यांना ममताने शिकवले. रोज सकाळी चष्मा लावून त्या माझ्यासमोर उभ्या राहत, आकडा मोठ्याने वाचत, आणि तो बरा असला तरच लेकाला गोठ्यात पाऊल टाकू देत. एके दिवशी संजयनेच बाहेरून विचारले, "याडी, काय म्हनते यंत्र?" कितीतरी महिन्यांनी तो त्यांना याडी म्हणाला होता. लालीबाईंनी आकडा दोनदा सांगितला. तेव्हापासून मायलेकांचा दिवस माझ्यापासूनच सुरू होई. इतका मान मला कारखान्यातही मिळाला नव्हता.

पण मित्रांनो, माझे नाक आता सुकले आहे. त्यातला द्रव आटला. कोणी बदलले नाही, आणि काच उजळते, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. आधी माझे आकडे लहान होत गेले. लालीबाईंना वाटले, आपण गोठा साफ ठेवतो त्याचेच हे फळ. मग शून्य आले आणि तिथेच थांबले. पुढ्यात विष असो की चांगली हवा, मी शून्यच दाखवतो. यंत्र शून्य म्हणते तर भीती कसली, म्हणून या थंडीत ताडपत्र्या पुन्हा चढल्या आहेत आणि झाकणाआधी दारे-खिडक्या उघडायचा नियमही मागे पडला आहे. नवी वगार आली आहे. टाके काठोकाठ भरले आहे आणि शेत रिकामे झाले आहे.

तुमच्या घरी, गोठ्यात, शाळेत, कुठेही धोका ओळखण्यासाठी एखादे यंत्र लावलेले असेल, तर ते नुसते उजळते एवढ्यावर समाधान मानू नका. त्याला अजून कळते का, हे मधूनमधून जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आमची पूजा केली नाही तरी चालेल. आम्हाला म्हातारपण येते, आणि ते आम्हाला सांगता येत नाही.

आज सकाळी मोटर बाहेर काढली आहे. वारा पडला आहे. संजय दाराशी उभा राहून विचारतो आहे, "याडी, काय म्हनते?" लालीबाई चष्मा लावून माझ्याकडे पाहत आहेत. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

"शून्य, बेटा. ये आत," त्या म्हणतात.

तो आत आला आहे. झाकणाकडे चालला आहे. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी त्याला हाक मारा.